खात्री

बरेच दिवस इथे काही लिहिलं नव्हतं. घरातली आजारपणं, इमारतीच्या गच्चीचं लीकेज, नातीच्या परीक्षा... कारणं काय, पैशाला पासरी. पण खरं कारण वेगळं होतं. एक गोष्ट लिहायची होती आणि ती कशी लिहावी ते कळत नव्हतं, म्हणून दुसरंही काही लिहिवत नव्हतं.

तर झालं असं की पावसाळ्यात एका संध्याकाळी ओळखीतल्या एक वहिनी घरी आल्या. चहा नको म्हणाल्या, पंखा नको म्हणाल्या, पंधरा मिनिटं भाजीच्या भावावर बोलल्या, आणि मग एकदम म्हणाल्या, "बाई, तुम्ही एवढी वर्षं शाळेत होतात. एखाद्या पोराचं काहीतरी बरं चाललेलं नाही असं वाटलं, तर खात्री कशी करायची हो?"

कोणाचं मूल, कुठल्या गल्लीतलं, ते मी सांगणार नाही. मुलगा की मुलगी, तेही नाही. मराठीत 'ते मूल' म्हणायची सोय आहे, ती मी वापरणार आहे. वार, वय, कोण काय काम करतं, सगळं थोडं थोडं बदललेलं आहे. अशा मुलाची ओळख पटेल असं काही छापायला कायद्याने बंदी आहेच. पण कायदा नसता तरी मी हेच केलं असतं. भिवंडी मोठी झाली असली तरी धामणकर नाक्यावर शिंकलं की कामतघरात ऐकू येतं.

त्या मुलाची आई गोदामात पॅकिंगला जाते. मूल शाळेतून आलं की आई येईपर्यंत घरी एकटं, आणि मध्ये मध्ये वहिनींकडे. वहिनींच्या लक्षात आलं होतं की त्याच्या पोटात दुखतं, ते फक्त सोमवारी आणि गुरुवारी. "मंगळवारी दुखत नाही हो बाई, मंगळवारी चार पोळ्या खातं." त्या दोन दिवशी घरी एक माणूस येतो. घरातल्यांच्या विश्वासातला, मुलाला खाऊ आणणारा. त्या दिवशी मूल वहिनींच्या ओट्यावरून हलत नाही. मोठं झालेलं मूल पुन्हा अंथरुण ओलं करायला लागलंय, असं आईच बोलता बोलता म्हणाली होती. आणि आदल्या आठवड्यात ते वहिनींना म्हणालं होतं, "एक खेळ आहे, पण तो सांगायचा नसतो."

तीन आठवडे वहिनी हे मनात घेऊन फिरत होत्या. एक दिवस खिडकीशी लपून बघावं असंही त्यांच्या मनात येऊन गेलं होतं. का, तर खात्री व्हावी म्हणून.

हा शब्द मी पूर्वी ऐकलेला आहे.

1997 सालची गोष्ट. मी तेव्हा भिवंडीतल्या एका प्राथमिक शाळेत तिसरीचा वर्ग घेत होते. शाळेचं नाव लिहीत नाही. वर्गाच्या मागच्या भिंतीला लागूनच यंत्रमागाचा कारखाना होता. दिवसभर खटखट खटखट, त्यात ओरडून पाढे शिकवायचे. शुक्रवारी माग बंद असले की आपला स्वतःचा आवाज आपल्यालाच मोठा वाटायचा.

वर्गात एक मुलगी होती. अक्षर मोत्यासारखं, आणि चित्रं काढायचा नाद. दसऱ्याच्या आसपास तिने चित्रं काढणं सोडलं. मग वर्गात झोपायला लागली. मग शाळा सुटल्यावर थांबायला लागली. फळा पुसू का, खडू भरून ठेवू का, तुमच्या वह्या रिक्षापर्यंत आणू का... एकदा म्हणाली, "बाई, मी तुमच्याकडे राहायला येऊ?" मी हसले आणि म्हटलं, "आईला विचारून ये हं." अजूनही रात्री जाग आली की हे माझं हसणं आठवतं.

तिचे वडील एका नातेवाइकाच्या मागावर कामाला होते. राहायची खोलीही त्याच नातेवाइकाची. मुलगी त्याला 'मोठे मामा' म्हणायची. एका शुक्रवारी, त्या शांततेत, ती मला मोठ्या मामांबद्दल दोन वाक्यं बोलली. ती दोन वाक्यं इथे लिहिणार नाही. आठ वर्षांच्या मुलीला जेवढे शब्द माहीत असतात तेवढ्यातच ती बोलली, पण बोलली.

मी मुख्याध्यापकांकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, दार लोटलं आणि विचारलं, "तुम्ही स्वतः पाहिलंत का? खात्री आहे का? नाही ना? मग पोरीचं नाव कशाला खराब करता?" वर, शाळेच्या नव्या खोल्यांसाठी त्या गृहस्थांनी देणगी दिली होती, हेही मला माहीत होतं. घरी आल्यावर ह्यांना सांगितलं, तर हे म्हणाले, आपल्याला याच गावात राहायचंय. माणूस वाईट नव्हता हो माझा नवरा, घाबरला होता. मीही घाबरले होते. आणि मला ते 'खात्री' बरं पडलं. खात्री नाही, म्हणजे काही करायला नको.

दिवाळीच्या सुट्टीनंतर ती आलीच नाही. कोणी म्हणालं गावी गेली, कोणी म्हणालं दुसऱ्या शाळेत घातली. फेब्रुवारीत मी माझ्या हाताने हजेरीपटावर तांबड्या शाईने लिहिलं: सतत गैरहजर, नाव कमी केले.

त्यानंतर मी बरीच वर्षं शिकवलं. पुढे कायदे आले, शाळेत प्रशिक्षणं झाली, फायली झाल्या. त्यातलं जे कामाचं आहे ते वहिनींना मी त्या संध्याकाळी सांगितलं, आणि तेच इथेही लिहिते.

पहिलं म्हणजे, असं एकच एक लक्षण नसतं की जे दिसलं म्हणजे झालं. पोटदुखी कशानेही होते, अंथरुण ओलं करायला नवं भावंडही कारण पुरतं. बघायचा असतो तो बदल. खेळणारं मूल कोपऱ्यात बसायला लागलं, एका विशिष्ट माणसाचं नाव काढलं की गप्प झालं, वयाला न शोभणारं काही बोलायला लागलं, हातात न सांगता येणारे पैसे किंवा वस्तू दिसल्या, कपडे बदलताना अंग चोरायला लागलं. यातली दोन-तीन एकत्र आली तर कान टवकारायचे. वहिनींनी वार ओळखला होता. सोमवार आणि गुरुवार! बी.एड. झालेल्या आम्हा बायकांना जे दिसत नाही ते त्यांनी पोळ्या मोजून ओळखलं.

दुसरं, माणूस बहुतेक ओळखीचाच असतो. 2007 साली केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने 13 राज्यांत एक मोठा अभ्यास केला होता, त्यात महाराष्ट्रही होता. त्यात निम्म्याहून जास्त मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक त्रास झाल्याचं सांगितलं होतं, 53 टक्के. मुलगेही त्यात मुलींइतकेच, किंबहुना थोडे जास्तच होते. आणि बहुतेकांनी तो कोणालाही सांगितलेला नव्हता. आपण मुलांना अनोळखी माणसाकडून चॉकलेट घेऊ नको म्हणून बजावतो, आणि ओळखीच्या माणसाच्या पाया पडायला लावतो.

आणि तिसरं, खात्रीचं. 14 नोव्हेंबर 2012 ला, बालदिनाच्याच दिवशी, पोक्सो कायदा लागू झाला. त्याचं कलम 19 मी वहिनींना माझ्या भाषेत सांगितलं: असा गुन्हा घडेल अशी धास्ती ज्याला वाटते, किंवा घडल्याचं ज्याला कळलं आहे, त्याने पोलिसांना किंवा पोलिसांच्या बाल पथकाला कळवलंच पाहिजे. कोणीही असो. शेजारीण, बाई, डॉक्टर, रिक्षावाले काका. पुरावा आणा, डोळ्यांनी बघा, असं त्यात कुठेही नाही. तपास पोलिसांनी करायचा, निवाडा कोर्टाने. चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर कारवाई होत नाही, हेही त्याच कलमात आहे. मुद्दाम कोणाची बदनामी करायला किंवा पैसे उकळायला खोटी तक्रार केली तर शिक्षा आहे. चूक निघाली तर नाही. आणि माहीत असून कळवलं नाही तर मात्र सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. संस्थेचा प्रमुख असेल आणि हाताखालच्या माणसाचं झाकून ठेवलं तर वर्षभरापर्यंत. (या सक्तीबद्दल जाणकारांत वाद आहेत, विशेषतः सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींच्या प्रेमप्रकरणांवरून. तो वेगळा विषय. इथे आपण प्राथमिकच्या मुलांबद्दल बोलतोय.)

'नसती भानगड' म्हणून गप्प बसणाऱ्यांसाठी एक उदाहरण आहे, आपल्याच राज्यातलं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याला 2019 साली एका शाळेच्या वसतिगृहातल्या आदिवासी मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झालं. त्या मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरवरही गुन्हा दाखल झाला, कळूनही कळवलं नाही म्हणून. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो रद्द केला. मग 2 नोव्हेंबर 2022 ला सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा उभा केला आणि म्हटलं की माहीत असून न कळवणं हाही गंभीर गुन्हाच आहे, आणि बहुतेक वेळा त्यामागे गुन्हेगाराला वाचवायचाच प्रयत्न असतो. मी पेपरात ते वाचलं त्या दिवशी जेवले नाही.

बदलापूर तर सगळ्यांना आठवत असेल. 2024 चा ऑगस्ट. बालवर्गातल्या दोन चिमुरड्या, शाळेतलाच कर्मचारी. पालकांना तक्रार नोंदवून घ्यायलाच कित्येक तास ताटकळावं लागलं. 20 ऑगस्टला लोकांनी बदलापूर स्टेशनवर गाड्या रोखल्या. माझी चुलत जाऊ त्या दिवशी अंबरनाथला अडकली होती आणि संध्याकाळपर्यंत आम्ही सगळ्या फोनवर. पुढे शाळेच्या चालकांवरही गुन्हा दाखल झाला, कळूनही पोलिसांना कळवलं नाही म्हणून. पण लोकांच्या लक्षात ते राहिलं नाही. लक्षात राहिलं ते 23 सप्टेंबर, आरोपी मुंब्रा बायपासवर पोलिसांच्या गोळीने मेला तो दिवस. आमच्या ग्रुपवर त्या रात्री फटाक्यांच्या चित्रांचा पाऊस पडला. मी ग्रुप सोडला. गोळी लागली म्हणून एक तरी मूल 'मला काही सांगायचंय' म्हणायला पुढे आलं असेल, असं मला वाटत नाही. उलट ज्या मुलाला त्रास देणारा घरातलाच, आवडताही असणारा माणूस असतो, ते मूल अशी बातमी ऐकून अजूनच तोंड मिटेल.

असो. वहिनींचं सांगते.

वहिनींनी विचारलं, मुलाला नीट बसवून सगळं विचारून घेऊ का? म्हटलं, नको. जे स्वतःहून सांगेल ते ऐका, त्याच्याच शब्दांत वहीत लिहून ठेवा, तारीख घाला. पुन्हा पुन्हा विचारलं की मूल आपल्याला आवडेल ते उत्तर द्यायला लागतं, आणि पुढे कोर्टात त्याचंच नुकसान होतं. 'आधी का नाही सांगितलंस' हे तर चुकूनही म्हणायचं नाही. 'कोणाला सांगणार नाही' असं वचनही द्यायचं नाही, कारण आपल्याला सांगावं लागणार असतं. 'तू सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी काही चूक नाही', बस्स. आणि त्या माणसाला जाब विचारायला जायचं नाही, की चार माणसं बसवायची नाहीत. आमच्याकडे ही चार माणसं बसवायची फार हौस. लग्न, वाटणी, गटाराचं पाणी, सगळ्याला तीच चार माणसं. त्यांच्यासमोर मूल काय बोलणार?

आधी मुलाच्या आईशी बोललो. दोघी गेलो, तीही बाई थकून आलेली. मला वाटलं होतं चिडेल. ती बराच वेळ काहीच बोलली नाही, आणि मग म्हणाली, "मला पण तसंच वाटत होतं. पण खात्री नव्हती." तिघी होतो, आणि तिघींचं एकच!

1098 ला फोन मी लावला. ही लाइन 1996 साली मुंबईत सुरू झाली, म्हणजे माझी ती विद्यार्थिनी वर्गात असताना ती जेमतेम वर्षाची होती आणि मला तिचं नावही माहीत नव्हतं. 2023 पासून ती सरकारच्या हातात आहे आणि 112 शी जोडलेली आहे. फोन फुकट, चोवीस तास चालू, आणि आपलं नाव गुप्त ठेवतात. फोनवरच्या मुलीने विचारलं, मूल आत्ता कुठे आहे, आत्ता सुरक्षित आहे का, तो माणूस पुन्हा कधी येणार आहे. मी घाबरून उगाच स्वतःचीच ओळख करून देत बसले होते, तिने हळूच मला मुलाकडे वळवलं. 2025 च्या एप्रिलमध्ये आपल्याच ठाणे जिल्ह्यात, खडवलीला, विनापरवाना चाललेल्या वसतिगृहातून 29 मुलांची सुटका झाली, तीही याच क्रमांकावर आलेल्या तक्रारीवरून. तेव्हा फोन करून काय होतंय असं म्हणू नका.

त्या आईला सगळ्यात जास्त धास्ती होती ती पोलिसांची आणि 'रिमांड होम' या शब्दाची. मुलाला घेऊन जातील, रात्रभर चौकीत बसवतील. तसं करता येत नाही. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवायचं नाही, जबाब घरी किंवा मुलाला बरं वाटेल तिथे घ्यायचा, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता. चोवीस तासांच्या आत बाल कल्याण समितीला कळवायचं. दवाखान्यात आधी कागद आणा म्हणायचं नाही. आमच्याकडे ज्या मॅडम आल्या त्या साध्या पंजाबी ड्रेसमध्ये होत्या, आणि त्यांनी पहिली दहा मिनिटं मांजराच्या पिल्लाबद्दल गप्पा मारल्या. सगळीकडे असंच होतं असं नाही, बदलापूरला झालं नव्हतं. पण कायद्यात काय आहे ते माहीत असलं की निदान मागता येतं.

पुढचं मी लिहिणार नाही. प्रकरण ठाण्याच्या कोर्टात आहे. मुलाबरोबर जायला समितीने एक साहाय्यक व्यक्ती दिली आहे, ती मुलगी चांगली आहे. पोट सोमवारीही दुखत नाही. वहिनींशी मात्र त्यांच्या गल्लीतल्या दोन घरांनी बोलणं टाकलंय. हळदीकुंकवाचं बोलावणं आलं नाही. वहिनी म्हणतात, "वाण वाचलं." पण त्यांना लागलंय.

काही जण मला म्हणतात, बाई, आईने मुलाला एकटं सोडलंच कशाला? बारा तासांची पाळी करणाऱ्या बाईला हे विचारणं सोपं आहे. दहा बाय दहाच्या खोलीत, गोदामाच्या पगारावर, ती काय आया ठेवणार? त्यापेक्षा दोन घरांनी आपसात ठरवावं, तुझं पोर माझ्या ओट्यावर, माझं तुझ्या. वहिनींचा ओटा नसता तर सोमवार-गुरुवार कोणी मोजले असते? आणि मुलांना शरीराच्या अवयवांची नावं शिकवा, सरळ, लाजू नका; नाव नसलेल्या जागेची तक्रार करता येत नाही. चाइल्डलाइनची 'कोमल' नावाची छोटी अॅनिमेशन फिल्म आहे, ती पोरांबरोबर बसून बघा. मी नातीबरोबर पाहिली. संपल्यावर ती म्हणाली, "मग त्या दिवशी मला आजोबांच्या मित्राची पापी घ्यायला का लावलीस?" घ्या! नाही लावणार म्हटलं.

आता शेवटचं, आणि हे घरच्यांसाठी. लिहू की नको असा दोन दिवस विचार केला.

आपण सगळी भावंडं मे महिन्याच्या सुट्टीत गावच्या घरी जमायचो. आंबे, विहीर, पत्ते, सगळं तुम्हाला आठवतंच. रात्री मुलगे अंगणात आणि आम्ही सगळ्या मुली माजघरात, आतून कडी लावून. उकाड्याने जीव जायचा पण कडी काढायची नाही, असा आजीचा हुकूम होता. चोरांसाठी, असं ती म्हणायची. बाकी घराची दारं सताड उघडी असायची. आणि ज्या वर्षी एक विशिष्ट पाहुणे आलेले नसायचे, त्या वर्षी आजी कडीचं विसरून जायची.

म्हणजे तिला माहीत होतं. तिने तिच्या परीने केलं. तेव्हाची बाई याहून जास्त काय करू शकली असती, मला माहीत नाही. पण ते पाहुणे पुढे आणखी वीस वर्षं सगळ्यांच्या घरी जात राहिले. सगळ्या घरांना कड्या नव्हत्या.

ते आता नाहीत. आजीही नाही. आत्या, तू हे वाचतेस हे मला माहीत आहे, दर वेळी फोन करून सांगतेस. तू तेव्हा माझ्याहून मोठी होतीस, दाराजवळ तूच झोपायचीस. या वेळीही फोन कर. दुपारी दोननंतर मी घरी असते.